भिंगबाईचा खोटा फॉर्म

आमच्या शर्टांच्या कारखान्यात तिला खऱ्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सगळे भिंगबाई म्हणायचे आणि तिलाही ते आवडायचं. शिवून झालेला शर्ट आधी तिच्या टेबलावर यायचा. कॉलर, खांदा, बाही, काजं, बटणं आणि शेवटी खालची दुमड, या क्रमानं तिची बोटं फिरायची. जिथं टाका सुटलेला दिसेल तिथं ती लाल बाणाचा एक छोटासा स्टिकर चिकटवायची. बाण लागला की शर्ट मागं जायचा. मशीनवरच्या बायका बोटं मोडायच्या, पण तिनं पास केलेला शर्ट दुकानातून परत आल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

मी तिच्या शेजारच्या टेबलावर कॉलरना इस्त्री करते. बारा वर्षं आम्ही दोघी शेजारीशेजारी उभ्या आहोत. तिचा स्वभाव मुळातच संशयी. डबा स्वतः भरून आणलेला असला तरी उघडल्यावर आधी हुंगणार. बसच्या तिकिटावरची तारीख वाचणार. मी कधी "आज छान दिसतेस गं" म्हटलं, तर लगेच, "काय काम आहे?"

तिचं लग्न उशिरा झालं, चौतिसाव्या वर्षी. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. माणूस चांगला, पण शब्द असे काढतो की जणू डब्यात मोजकेच स्क्रू उरलेत. लग्नानंतर वर्षभरात तिची आई गेली. आईच्या आजारपणाचे सगळे कागद तिनं पुन्हा पुन्हा वाचले, कुठंतरी कुणाची तरी चूक सापडेल म्हणून. सापडली नाही, आणि चूकच सापडली नाही म्हटल्यावर रागवायचं कुणावर हेही तिला कळेना. त्यानंतर तिला दिवस गेले. आठव्या महिन्यात त्यांनी घर बदललं. सहावा मजला, नवी इमारत, ओळखीचं एक माणूस नाही. सामान अजून खोक्यांतच होतं, तेवढ्यात पाच आठवडे आधी कळा सुरू झाल्या. घाईघाईत ऑपरेशन करावं लागलं. मुलगी झाली, ती अकरा दिवस काचेच्या पेटीत. बाराव्या दिवशी नर्सनं बाळ तिच्या हातात दिलं, तेव्हा तिनं पायातल्या पट्टीवरचा नंबर तीनदा वाचला. वॉर्डातल्या बायका हसल्या. तीही हसली. पण आत काहीच हाललं नाही, असं तिनंच मला पुढं सांगितलं. इथून पुढचं बरंचसं तिच्याच तोंडून ऐकलेलं आहे.

मदतीला तिच्या सासूबाई येऊन राहिल्या. सगळा जन्म त्यांनी टेलिफोनच्या ऑफिसात काढलेला, कानाला यंत्र लावून हळू आवाजात बोलण्यात. निवृत्त झाल्या तरी आवाज तसाच राहिला. "मीठ कुठंय?" हेसुद्धा त्या गुपित सांगितल्यासारखं विचारायच्या. एरवी भिंगबाईला याची गंमत वाटली असती. आता वाटेना. स्वयंपाकघरात मायलेक बोलत असले की तिला फक्त कुजबुज ऐकू यायची, आणि ती दारात गेली की कुजबुज थांबायची.

"काय बोलत होता?"

"काही नाही गं. तू पड जरा. दे तिला इकडं."

या "दे तिला इकडं"चा तिनं काय अर्थ लावला असेल ते सांगायला नको. सासूबाईंकडे मुलगी बाटलीनं गुटुगुटु दूध प्यायची. आईनं छातीशी धरलं की तोंड फिरवून रडायची. भिंगबाईची खात्री पटली की पोरीला सगळं कळलंय. आपण खरी आई नाही, नुसतं काम उरकतोय, हे तिनं ओळखलंय. आणि काम तर भिंगबाई चोख करत होती. लंगोट वेळच्या वेळी, दूध मापात, नखं कापलेली. कुणाला बोट ठेवायला जागा नाही. फक्त बाथरूममध्ये नळ मोठा सोडून ती रोज रडायची. जेवण घशाखाली उतरत नव्हतं, आणि बाळ शांत झोपलेलं असतानाही हिचे डोळे टक्क उघडे. भेटायला येणारं प्रत्येक जण विचारायचं, "आता काय, आनंदच आनंद ना?" ती मान हलवायची, आणि माणूस गेल्यावर विचार करत बसायची की यानं असं का विचारलं असेल.

मीही गेले होते एकदा, बाळाला टोपडं घेऊन. तिनं टोपड्याची शिवण उलटीसुलटी करून पाहिली. मला हायसं वाटलं. म्हटलं, आहे तशीच आहे आपली भिंगबाई. चुकलेच मी.

सहाव्या आठवड्यात आरोग्यकेंद्राच्या सिस्टर घरी आल्या. बाळाचं वजन केलं, टाके पाहिले आणि पिशवीतून एक फॉर्म काढला. दहा प्रश्न होते, प्रत्येकाला चार उत्तरं. गेल्या सात दिवसांत तुम्हाला हसू आलं का, उगाच धास्ती वाटली का, झोप लागत नाही इतकं वाईट वाटलं का, असं सगळं. उत्तराप्रमाणं शून्य ते तीन गुण, बेरीज जितकी जास्त तितकी काळजी जास्त.

भिंगबाईनं तो कागद शर्टासारखा वरपासून खालपर्यंत पाहिला. यात काय शोधतायत ते तिला दोन मिनिटांत उमगलं. आणि सापडलं तर पुढं काय करतील तेही तिनं मनाशी ठरवून टाकलं. मुलीला घेऊन जातील. आई बिघडलेली आहे असा शिक्का मारतील आणि पोरीला सासूच्या हवाली करतील. तिनं पेन घेतलं आणि दहाही प्रश्नांना अशी उत्तरं दिली की बेरीज शून्य.

सिस्टरनी फॉर्म पाहिला. "छान," म्हणाल्या. घडी घालून पिशवीत ठेवला. मग दारातून वळून म्हणाल्या, "गुरुवारी परत येते हं."

"कशाला?" भिंगबाईनं विचारलं. "वजन तर झालं."

"सहजच."

सहज कुणी सहा मजले येतं का? त्या दिवसापासून तिनं सिस्टरनाही कुजबुजणाऱ्यांच्यात धरलं.

तिच्या पर्समध्ये कामावरच्या त्या लाल बाणांची एक गुंडाळी राहिली होती. मंगळवारी सासूबाईंना तिच्या गाउनच्या बाहीवर एक बाण दिसला. त्यांनी तो काढला आणि हसून म्हणाल्या, "अगं, घरी बसूनही सवय सुटेना वाटतं." बुधवारी तिचे टाके पुसायला त्यांनी गाउन वर केला, तर पोटावर एक बाण होता. एक छातीवर. एक डाव्या मनगटावर. तीनही नीट, सरळ, दाबून चिकटवलेले.

या वेळी सासूबाई हसल्या नाहीत. टाके पुसले, गाउन खाली केला, बाळाला पाळण्यात ठेवलं आणि मोबाइल घेऊन बाहेर जिन्यात गेल्या. दाराला कान लावून भिंगबाईनं त्यांचा तो हळू आवाज ऐकला.

"हो, आजच या. नाही, तिला सांगितलेलं नाही. माझा मुलगा म्हणतो उद्या बघू, पण मला नाही वाटत उद्यापर्यंत थांबावं."

म्हणजे संशय खरा होता! इतके दिवस आपण वेडे नव्हतो, असं वाटून तिला क्षणभर बरंसुद्धा वाटलं म्हणे. मग तिनं दुधाची बाटली, चार लंगोट आणि एक चादर पिशवीत कोंबली. सासूबाई परत येऊन भाजी चिरायला बसल्या तशी ती मुलीला उराशी धरून बाहेर पडली. लिफ्ट घेतली नाही. लिफ्ट नवऱ्याची, म्हणजे तिच्यावरही भरवसा नाही. पोटावर दुखरे टाके आणि ती एकेक पायरी उतरत सहाव्यावरून निघाली. कुठं जायचं ते ठरलं नव्हतं.

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर खालून धापा टाकत सिस्टर आल्या. लिफ्ट वर कुठंतरी अडकलेली होती. दोघी समोरासमोर. भिंगबाई भिंतीला चिकटली.

सिस्टर पायरीवर बसल्या. "बसते जरा. वय झालं माझं," त्या म्हणाल्या. "तुम्हीही टेका. टाके ओढत असतील."

ती बसली, पण चार पायऱ्या सोडून.

"फॉर्म मीच भरलाय," ती म्हणाली. "सगळी शून्यं आहेत. तुमच्याकडे काही पुरावा नाही."

"नाहीच आहे," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही शर्ट तपासता ना? मला सांगा, एखाद्या बाईनं अख्खा लॉट तपासला आणि एकातही काही निघालं नाही, तर तुम्ही काय म्हणाल?"

भिंगबाईचं तोंड आपसूक उघडलं. "तिनं पाहिलेलंच नाही. लॉट परत उघडायचा."

"म्हणून मी परत येणार होते. सहा आठवड्यांच्या बाळंतिणीची दहाच्या दहा शून्यं येतच नाहीत असं नाही, पण मला शंका येते. झोपेचं तरी एखादं निघतंच."

खालच्या मजल्यावर कुणीतरी दार लावलं.

"नेणार का तुम्ही हिला?"

"कुठं नेऊ? माझ्या घरी स्वतःची दोन आहेत, तीच आवरत नाहीत." मग सिस्टरचा आवाज बदलला. "मी मुलीसाठी नाही आले. तुमच्यासाठी आले. स्पष्ट विचारते, स्पष्ट सांगा. स्वतःला किंवा बाळाला काही करावं असं मनात येतं का?"

"हिला नाही. कधीच नाही." तिनं मुलीला आणखी आवळून धरलं. "मला वाटतं, मी नसते तर हिला बरी आई मिळाली असती. सकाळी उठूच नये असं वाटतं. करायचं काही ठरवलेलं नाही. पण वाटतं."

"किती दिवस झाले?"

"महिना. जास्तच."

"आणि याच्या आधी, लग्नाच्या आधी वगैरे, असं कधी झालं होतं?"

"नाही," ती झटकन म्हणाली. मग खाली मान घालून, "बाविसाव्या वर्षी. सहा महिने अंथरुणातून उठत नव्हते. आईनं सगळ्यांना रक्त कमी झालंय असं सांगितलं. नवऱ्याला माहीत नाही."

सिस्टरनी मान हलवली. नवल वाटल्यासारखी नाही, तर हे आधी विचारायला हवं होतं अशी. "एकदा होऊन गेलं असेल तर बाळंतपणानंतर परत होण्याची शक्यता वाढते. त्यात बाळ लवकर आलं, अकरा दिवस दूर राहिलं. घाईचं ऑपरेशन. आई नाही. नव्या घरात बोलायला माणूस नाही. अहो, यातलं एक असलं तरी कधीकधी पुरतं. आणि यातलं काहीच नसतानाही होतं, सगळं सुरळीत असणाऱ्या बाईला. तुमच्यात काही खोट आहे म्हणून नाही. आजार आहे हा. दर सात-आठ बाळंतिणींत एकीला तरी होतो, काही ठिकाणी पाचात एकीला."

"मला बरं वाटावं म्हणून सांगताय."

"बरं वाटलं का?"

"नाही."

"मग त्यासाठी नसेन सांगत."

तेवढ्यात वरून सासूबाई उतरल्या. एका हातात सुरी तशीच, पायात चप्पल नाही. सुनेला पाहून त्यांनी कठडा घट्ट धरला. भिंगबाईनं त्यांच्याकडे बोट दाखवलं. "यांनी चोरून फोन केला तुम्हाला. मी ऐकलंय."

"हो, मीच केला," सासूबाई म्हणाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोलल्या असाव्यात, कारण जिना घुमला. "आणि परत वेळ आली तर परत करीन. रागव माझ्यावर हवं तेवढं. पण घरात बसून रागव."

भिंगबाई तेव्हा रागावली आणि पुढं कितीतरी महिने रागावलेलीच राहिली. पण त्या दिवशी दुपारीच सिस्टर तिला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. मुलगी तिच्याच मांडीवर होती. ती कुणीही घेतली नाही. डॉक्टरांनी अंगावर पाजतानाही चालेल अशी गोळी दिली आणि आठवड्यातून एकदा समुपदेशकाकडे जायला सांगितलं. गोळीच्या डब्यातला तो बारीक अक्षरांचा कागद तिनं अख्खा वाचला. तीन औषधवाल्यांना फोन करून एकच प्रश्न विचारला आणि तिघांचं उत्तर जुळलं तेव्हाच पहिली गोळी घेतली.

घरी थांबता यावं म्हणून नवऱ्यानं सकाळची कामं सोडली. बाविसाव्या वर्षाचं तिनं त्याला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "बरं." ती भडकली, "बरं म्हणजे काय?" तो बराच वेळ विचार करत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे आता मला कळलं की मी काय बघायला हवं." त्याच्यासाठी हे भाषणच होतं. आणि स्वयंपाकघरातली ती कुजबुज? तो आईला विचारत असे, हिच्याशी काय बोलू, कसं बोलू. तिला हे पटायला फार दिवस लागले. दोघांना वेगवेगळं गाठून तिनं खातरजमा केली.

गोळीनं काही चमत्कार झाला नाही. तीन आठवडे तर काहीच कळेना. मग झोप थोडी सुधारली, मग जेवण. एक दिवस आंघोळ घालताना मुलगी शिंकली, आणि शिंकेनं स्वतःच दचकली. भिंगबाईला हसू फुटलं. लगेच तिच्या मनात आलं, हे हसू खरं होतं की गोळीचं? समुपदेशकांना तिनं तसं विचारलंही. त्या म्हणाल्या, "परत हसू आलं की मला कळवा, मग ठरवू."

मुलगी सात महिन्यांची झाली तेव्हा ती कामावर परतली. आठवडाभर मुकाट्यानं शर्ट तपासले. मग चहाच्या सुट्टीत एकेकीला गाठू लागली. हातात मापांच्या तक्त्याचा एक रद्दी कागद.

"काय मोजतेस?" मी विचारलं.

"सिस्टर म्हणाल्या सातात एक. मी कशी मानू? आपल्या हॉलमध्ये मुलं असलेल्या एकवीस जणी आहेत. म्हणजे तीन तरी निघायला हव्यात. नाही निघाल्या तर जाऊन विचारते."

विचारायची पद्धतही तिचीच. आधी स्वतःचं सगळं सांगायचं, बाणांसकट, आणि मग गप्प उभं राहायचं. काजाच्या मशीनवरची सगळ्यात हसरी बाई दोन मिनिटांत रडायला लागली. तिला जुळी झाली होती आणि नवरा परगावी. पॅकिंगमधल्या एकीचं मूल चार वर्षांचं झालं तरी तिनं कुणाजवळ शब्द काढला नव्हता. एकीचं नवऱ्याशी पहिल्या दिवसापासून पटत नव्हतं, बाळ आलं आणि भांडणं वाढली. चौथीकडे तर सगळं होतं, आई होती, पैसा होता, जीव टाकणारा नवरा होता, तरी झालं. भिंगबाई प्रत्येकीपुढं एक उभी रेघ मारायची.

माझी पाळी आली. मी म्हटलं, "नाही गं बाई, मला नाही काही झालं. दमायला व्हायचं, तेवढंच."

तिनं माझ्याकडे पाहिलं. सुटलेला टाका दिसल्यावर ती जशी पाहते, अगदी तशी. पण रेघ मारली नाही. तीन आठवडे मी तिची नजर चुकवत इस्त्री फिरवत राहिले.

मग एका दुपारी, वाफेच्या आवाजात, मीच बोलले. माझा मुलगा आता एकोणीस वर्षांचा आहे. तो दोन महिन्यांचा असताना मी त्याला पाळण्यात रडता ठेवून दाराला कुलूप लावलं आणि समोर आलेल्या बसमध्ये बसले. शेवटच्या थांब्यापर्यंत गेले. तिथं खाली न उतरता त्याच बसनं परत आले. घरी आले तेव्हा तो रडून रडून झोपला होता.

"किती वेळ लागला?" भिंगबाईनं विचारलं.

"चाळीस मिनिटं."

"आणि परत आलीस."

"आले."

"कुणाला सांगितलंस?"

"आज तुला."

तिनं खिशातून तो कागद काढला, एक रेघ ओढली आणि मोजलं. "पाच. एकवीसात पाच. सिस्टर कमी सांगत होत्या की काय कोण जाणे." मग इस्त्री माझ्या हातातून काढून बाजूला ठेवली, कारण कॉलर करपायला लागली होती, आणि माझा हात तसाच धरून ठेवला. आमच्या बारा वर्षांत तिनं माझा हात कधी धरला नव्हता.

भिंगबाईची गोळी सव्वा वर्षानं डॉक्टरांनी हळूहळू बंद केली. सासूबाई आपल्या घरी गेल्या. दोघींचं अजूनही फारसं गूळपीठ नाही, पण त्या रोज चारला फोन करतात आणि ही तो पहिल्या घंटीला उचलते. मुलगी बालवाडीत जाते. दुसऱ्या मुलाचं विचारलं तर म्हणते, "झालं तर पहिल्याच महिन्यात सिस्टरना सांगणार, मग तुम्हाला."

तिला बसचं सांगितलं त्याच संध्याकाळी मी घरी जाऊन नवऱ्यालाही सगळं सांगून टाकलं होतं. बस, कुलूप, चाळीस मिनिटं. तो पेपर वाचत होता. त्यानं पेपर खाली ठेवला.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "शेजारच्या काकूंनी त्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांना रडणं ऐकू आलं होतं."

एकोणीस वर्षं! मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. मनात नुसतं तेच, मग आजवर हा माझ्याकडे काय म्हणून बघत होता, मुलाला माझ्यापाशी सोडून जाताना मागं वळून का बघायचा. तिसऱ्या दिवशी मी विचारलंच, "तेव्हा का नाही बोललास?"

"काय बोलायचं ते कळलं नाही," तो म्हणाला. "वाटलं, तू सांगशील."